शिष्यवृत्तीचा आकडा आणि संघातली जागा

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांविषयी आणि तिथल्या शिष्यवृत्त्यांविषयी कोल्हापुरातून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. पेठेतल्या तालमीच्या संघाबरोबर तो लहानाचा मोठा झाला आणि आता बचाव फळीत खेळतो. अमेरिकेतल्या प्रत्येक विद्यापीठाकडे फुटबॉलसाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असतात आणि त्यातली एक मिळवून देण्याची हमी आपण देतो, असे एका सल्लागाराने आम्हाला सांगितले आहे. त्यासाठी तो दीड लाख रुपये आगाऊ मागतो. आम्ही पैसे भरावेत का?
— एक पालक, मंगळवार पेठ

उत्तर : पैसे भरू नका. शिष्यवृत्ती देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो, तिची शिफारस संघाचा प्रशिक्षक करतो, आणि या दोघांखेरीज कोणीही तिची हमी देऊ शकत नाही. शिवाय शिष्यवृत्ती मिळवून देण्याच्या बोलीवर किंवा तिच्या रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेणारा मध्यस्थ ‘एनसीएए’ या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमांत बसत नाही, आणि अशा व्यवहारामुळे खुद्द खेळाडूची पात्रता अडचणीत येऊ शकते. म्हणजे प्रश्न केवळ दीड लाखांचा नाही.

आता ८५ या आकड्याविषयी. हा आकडा २०२५ पर्यंत खरा होता, परंतु तो आपल्या खेळाचा नाही. तो अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या खेळाचा आहे आणि तोही फक्त सर्वांत वरच्या स्तरावरच्या विद्यापीठांचा. शाहू स्टेडियमवर आपण जो खेळ पाहतो त्याला तिथे सॉकर म्हणतात, आणि एनसीएएच्या तीन श्रेणींपैकी पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या सॉकर संघासाठी अनेक वर्षे मर्यादा होती ती केवळ ९.९ शिष्यवृत्त्यांची. माहितीपत्रकांवर ज्या अवाढव्य स्टेडियमची छायाचित्रे छापलेली असतात, त्यांतल्या अनेक विद्यापीठांत पुरुषांचा अधिकृत सॉकर संघच नाही. टेक्सास, अलाबामा आणि फ्लोरिडा या नामांकित विद्यापीठांची स्थिती अशीच आहे. तेव्हा सल्लागाराने दाखवलेल्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन, पुरुषांचा सॉकर संघ तिथे आहे की नाही, एवढे तरी आधी स्वतः पाहावे.

९.९ हा अपूर्णांक कसा आला, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पालकांची बहुतेक फसगत इथेच होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये जुन्या पद्धतीनुसार डोकी मोजली जात; एका खेळाडूला थोडी मदत दिली काय आणि पूर्ण दिली काय, ८५ पैकी एक जागा खर्ची पडे, म्हणून ती साहजिकच पूर्ण दिली जाई. सॉकरमध्ये मात्र रक्कम मोजली जाते. ९.९ शिष्यवृत्त्यांइतका पैसा प्रशिक्षकाच्या हाती असतो आणि तो त्याने पंचवीस-तीस खेळाडूंमध्ये वाटायचा असतो. साहजिकच गोल करणाऱ्या आघाडीवीराला किंवा भरवशाच्या गोलरक्षकाला मोठा हिस्सा मिळतो, बाकीच्यांच्या वाट्याला पाव किंवा तृतीयांश शिष्यवृत्ती येते आणि काहींना काहीच मिळत नाही. समजा, विद्यापीठाचा वर्षाचा सगळा खर्च ५० हजार डॉलर आहे आणि आपल्या मुलाला ३० टक्के शिष्यवृत्ती देऊ केली. पत्रावर ‘फुटबॉल शिष्यवृत्ती’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असेल, तो पेठेत कौतुकाचा विषयही होईल, परंतु उरलेले ३५ हजार डॉलर, म्हणजे साधारण ३० लाख रुपये किंवा त्याहून अधिक, दर वर्षी आपल्यालाच उभे करावे लागतील. त्यातही विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते.

अलीकडे एक मोठा बदल झाला आहे आणि सल्लागार मंडळी त्याचाही सोयीचा अर्थ लावून सांगतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या एका समझोत्याला मान्यता दिली आणि त्यानुसार शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा जाऊन तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. अमेरिकन फुटबॉलसाठी ती १०५ आहे आणि सॉकरसाठी २८. समझोत्यात सामील झालेले विद्यापीठ आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकते, हे खरे. परंतु देऊ शकते आणि देते यांत फार अंतर आहे. सॉकरमधून विद्यापीठाला उत्पन्न नगण्य मिळते आणि याच समझोत्यामुळे उत्पन्नाचा वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा मिळाल्याने क्रीडा विभागांचा पैसा मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळला आहे. सामील न झालेल्या विद्यापीठांत जुनीच मर्यादा चालू आहे.

याचा अर्थ वाट बंद आहे असा मुळीच नाही. दुसऱ्या श्रेणीत पुरुषांच्या सॉकरसाठी ९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे, आणि एनएआयए या वेगळ्या संघटनेच्या लहान महाविद्यालयांत ती १२ आहे. तिसऱ्या श्रेणीतली महाविद्यालये आणि हार्वर्ड, येल यांच्यासारखी आयव्ही लीगची विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, परंतु आर्थिक गरजेनुसार मदत देतात (तिसऱ्या श्रेणीतली अनेक महाविद्यालये गुणवत्तेनुसारही), आणि प्रशिक्षकाला खेळाडू हवा असेल तर प्रवेशासाठी त्याचा शब्द उपयोगी पडतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या मुलाची अकरावी-बारावीची गुणपत्रिका त्याच्या खेळाइतकीच कमाई करून देईल. खेळाची तीस टक्के आणि अभ्यासाची तीस टक्के मदत एकत्र आली तर हिशेब बदलतो. प्रशिक्षकालाही असा विद्यार्थी हवाच असतो, कारण त्याच्यावर आपल्या तुटपुंज्या निधीतला कमी पैसा खर्च होतो. पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी नववी ते बारावीतले ठरावीक १६ विषय-अभ्यासक्रम आणि त्यांत चारपैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते. नववीच्या गुणपत्रिका आपल्याकडे कोणी जपून ठेवत नाही. त्या आजच शाळेतून काढून घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट तालमीच्या मुलांसाठी विशेष महत्त्वाची आहे. स्पर्धांत मिळालेले रोख बक्षीस, संघाने दिलेले मानधन, बूट-प्रवासाचा खर्च या सगळ्याची विचारणा पात्रता तपासताना होते. काहीही लपवू नये आणि कोणी, केव्हा, किती दिले याची नोंद वहीत ठेवावी. बारावीनंतर ‘एक-दोन हंगाम इथेच खेळू, मग बघू’ असे करू नये, कारण ठरलेल्या मुदतीपेक्षा उशिरा महाविद्यालयात गेल्यास खेळण्याच्या पात्रतेतले वर्ष कापले जाते.

प्रस्ताव आलाच तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात. रक्कम एकूण खर्चाच्या किती टक्के आहे, ती एका वर्षासाठी आहे की सर्व वर्षांसाठी, आणि दुखापत झाली किंवा प्रशिक्षक बदलला तर तिचे काय होईल. तोंडी उत्तराला काडीची किंमत नाही.

प्रश्न : मी मूळचा राजारामपुरीचा, सध्या अमेरिकेत एमएस करतो. इथे अमेरिकन फुटबॉलचे वेड पाहून मला आपल्या पेठांतल्या सामन्यांची आठवण होते. गैरप्रकार उघडकीला आल्यावर विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या कापल्या जातात आणि पुढे अनेक वर्षे संघ सावरत नाही, असे इथले जुने चाहते सांगतात. शिष्यवृत्त्या कमी असताना प्रशिक्षक खेळाडू कसे मिळवतो? आणि ही शिक्षा न्याय्य आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : मुळात मर्यादा का आली, इथून सुरुवात करू. एके काळी श्रीमंत विद्यापीठे वाटेल तितक्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देत. चांगला मुलगा आपल्याकडे बाकावर बसून राहिला तरी चालेल, पण प्रतिस्पर्ध्याकडे जायला नको, हा त्यामागचा हिशेब असे. १९७० च्या दशकात १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ती ९५ झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ८५ वर स्थिरावली. वर्षाला जास्तीत जास्त २५ नव्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येई. ही वार्षिक अट २०२२ पासून उठली. सगळ्यांना ८५ असताना एखाद्याच संघाला ७५ किंवा ६५ वर आणणे, ही त्या चौकटीतली शिक्षा होती.

सर्वांत कठोर उदाहरण डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे. खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याचा प्रकार आधीच्या शिक्षेनंतरही चालूच राहिल्याचे उघड झाले, तेव्हा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला आणि चार वर्षांत मिळून ५५ शिष्यवृत्त्या काढून घेण्यात आल्या. १९८८ मध्ये मर्यादित सामने खेळण्याची परवानगी होती, परंतु संघच उरला नसल्याने विद्यापीठाने स्वतःच तो हंगाम सोडला. १९८९ मध्ये नवखी पोरे घेऊन संघ मैदानात उतरला आणि ह्यूस्टनविरुद्ध ९५-२१ असा हरला. हंगामअखेरच्या प्रतिष्ठेच्या ‘बोल’ सामन्यात पुन्हा खेळायला त्यांना २००९ साल उजाडावे लागले.

प्रशिक्षकाची खरी कसोटी मात्र दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकरणात दिसते. रेजी बुश या खेळाडूला आणि त्याच्या कुटुंबाला मिळालेल्या नियमबाह्य लाभांवरून २०१० मध्ये शिक्षा झाली : दोन हंगाम बोल सामन्यांवर बंदी आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्यांची कपात. २०१२ ते २०१४ या काळात वर्षाला १५ नवे खेळाडू आणि एकूण ७५ एवढीच मुभा राहिली. पंचवीसच्या जागी पंधरा घ्यायचे ठरले की पहिला बळी जातो तो धोका पत्करण्याच्या सवयीचा. उंच आहे पण अजून अंग भरलेले नाही, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे पण पाय वेगवान आहेत, गुण कमी आहेत पण खेळाची समज विलक्षण आहे, अशा मुलांसाठी पंचवीसांत दोन-तीन जागा ठेवता येतात. पंधरांत येत नाहीत. प्रत्येक निवड दुसऱ्या वर्षापर्यंत मैदानात उतरलीच पाहिजे, असा दबाव येतो. दोन-तीन ठिकाणी खेळू शकणारा मुलगा एकाच जागेच्या निष्णात खेळाडूपेक्षा मोलाचा ठरतो. समोरासमोर भिडणाऱ्या दोन्ही आघाडीच्या फळ्यांत माणसे सर्वाधिक लागतात आणि जायबंदीही तीच अधिक होतात, तिथे पोकळी पडते. मग दुखापतीच्या भीतीने सरावात एकमेकांना पूर्ण ताकदीने पाडणे कमी होते आणि सामन्यात पकड सुटू लागते. २०१२ च्या हंगामाआधीच्या क्रमवारीत हा संघ देशात पहिला होता; हंगाम संपला तेव्हा त्याचे सात विजय आणि सहा पराभव झाले होते. सगळा दोष कपातीचा नव्हता, तरी राखीव फळीची उणीव दिसत होती.

या शिक्षेचा परिणाम उशिरा होतो, ही गोष्ट चाहत्यांच्या लक्षात येत नाही. पंधरा जणांच्या तुकडीची उणीव ती आल्या वर्षी जाणवत नाही. दोन-तीन वर्षांनी, त्याच तुकडीने संघाचा कणा व्हायचे असते तेव्हा जाणवते. तोवर शिक्षेची मुदत संपत आलेली असते आणि नव्या प्रशिक्षकावर खापर फुटते.

पेन स्टेट विद्यापीठाने दुसरा मार्ग काढला. माजी सहायक प्रशिक्षकाने मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात २०१२ मध्ये त्या विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड झाला, चार वर्षे बोल सामन्यांवर बंदी आली, वार्षिक शिष्यवृत्त्या २५ वरून १५ वर आणि एकूण संख्या ६५ वर आणण्याचे ठरले, आणि खेळाडूंना लगेच दुसरीकडे जाण्याची मोकळीक मिळाली. चेंडू घेऊन धावणारा प्रमुख खेळाडू सायलस रेड याच मुभेने दक्षिण कॅलिफोर्नियाकडे गेला. प्रशिक्षक बिल ओब्रायन यांनी शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्या मुलांवर भर दिला. अशा मुलांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. स्वतःची फी भरून, आपल्या राज्यातल्या, आपल्याच विद्यापीठाच्या ओढीने येणारी ही मुले शिष्यवृत्तीच्या मोजणीत धरली जात नव्हती. त्यांना नीट प्रशिक्षण देऊन आणि जागा रिकामी झाली की त्यांच्यातल्याच एखाद्याला शिष्यवृत्ती देऊन संघाची खोली टिकवता आली. त्या वर्षी संघाने १२ पैकी ८ सामने जिंकले. शिक्षा २०१४ मध्ये मुदतीआधीच शिथिल झाली आणि २०१६ मध्ये संघ आपल्या विभागाचा विजेता ठरला.

आता न्यायाचा प्रश्न. माझ्या मते शिष्यवृत्ती कापणे हा चुकीच्या माणसाला दिलेला दंड आहे. रेजी बुशच्या प्रकरणातले व्यवहार २००४-०५ च्या सुमाराचे; २०१२ मध्ये ज्यांच्या जागा गेल्या ती मुले तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. खेळाडू व्यावसायिक संघात गेला होता आणि त्या काळचा प्रशिक्षक पीट कॅरल शिक्षा जाहीर होण्याआधीच दुसऱ्या नोकरीवर रुजू झाला होता. कापलेली प्रत्येक शिष्यवृत्ती म्हणजे फीचा भार न पेलणाऱ्या घरातल्या एका मुलाचे त्या विद्यापीठातले शिक्षण असते, आणि संस्थेच्या तिजोरीतला एक डॉलरही त्यासाठी हलत नाही. तुमचे जुने चाहते एक प्रतिवाद करतील, आणि तो वजनदार आहे : श्रीमंत विद्यापीठ दंड सहज भरते, मैदानावरचा पराभव मात्र त्याला झोंबतो. तरीही गेल्या काही वर्षांत कल दंडाकडे झुकला आहे. टेनेसी विद्यापीठाला २०२३ मध्ये ८० लाख डॉलरचा दंड झाला, पाच वर्षांत मिळून २८ शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या, परंतु तेव्हाच्या खेळाडूंनी काही केले नव्हते म्हणून बोल सामन्यांवर बंदी घातली गेली नाही. हे पाऊल योग्य दिशेचे आहे, पण अर्धेच आहे, असे मला वाटते.

१०५ च्या नव्या मर्यादेने मात्र वॉक-ऑन मुलांचेच नुकसान झाले. पूर्वी ८५ शिष्यवृत्तीधारकांच्या जोडीला तीस-चाळीस अशी मुले सहज सामावत; आता एकूण आकडाच बांधलेला आहे. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी समझोत्याला मान्यता देण्यापूर्वी या मुद्द्यावर हटून, आधीपासून संघात असलेल्या खेळाडूंना मोजणीतून सूट द्यायला भाग पाडले. पुढच्या पिढीला ती सूट नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे आणि शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. मुलांच्या स्पर्धांची चर्चा सगळीकडे होते, मुलींची फारशी होत नाही. परदेशातही तिला मुलांपेक्षा कमीच संधी असेल का?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : अमेरिकेपुरते उत्तर नेमके उलट आहे. पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या सॉकरला ९.९ शिष्यवृत्त्या असताना महिलांच्या सॉकरला १४ होत्या, आणि महिलांचे संघही संख्येने बरेच जास्त आहेत. याचे कारण १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा. शिक्षणसंस्थेत लिंगभेद करता येणार नाही, असे तो सांगतो, आणि अमेरिकन फुटबॉलचे ८५ मुलगे एका पारड्यात पडल्यावर दुसऱ्या पारड्यात मुलींच्या शिष्यवृत्त्या टाकणे विद्यापीठांना भाग पडले. मंगळवार पेठेतल्या पालकांना जो ९.९ चा अपूर्णांक अडचणीचा आहे, त्याचेही मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे. आपल्या मुलीकडे तयारीसाठी पुरेसा वेळ आहे. दहावीनंतरच्या १५ जूनपासून पहिल्या श्रेणीचे प्रशिक्षक खेळाडूशी स्वतःहून संपर्क साधू शकतात. तिने त्यांना पत्र लिहायला मात्र आजही कोणाची आडकाठी नाही. पत्र तिने स्वतः लिहावे, पालकांनी तिच्या नावाने लिहू नये. ते प्रशिक्षकांना लगेच कळते.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या दोन-तीन मुलांत नक्कीच दम आहे. पण जागा इतक्या मोजक्या असतील तर तिथला प्रशिक्षक कोल्हापूरच्या मुलाकडे पाहील कशाला? आम्ही मोबाइलवर काढलेले व्हिडिओ पाठवले, एकाचेही उत्तर आले नाही.
— एक प्रशिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा इथल्या मुलांच्या दमाविषयी शंका नको. अडचण व्हिडिओची असावी. स्टेडियमच्या प्रेक्षकांतून काढलेल्या चित्रणात समोरच्याचे हात येतात, चेंडूच्या मागे कॅमेरा पळतो, पाठीवरचा क्रमांक वाचता येत नाही, आणि वर ढोल-ताशांचा आवाज असतो. प्रशिक्षकाला अशा शेकडो फिती येतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात आपला खेळाडू कोणता हे कळले नाही तर तो पुढची उघडतो.

मध्यरेषेच्या जवळ, शक्य तितक्या उंचावर तिवई लावून चित्रण करावे आणि चौकटीत किमान अर्धे मैदान राहू द्यावे. त्यातून चार-पाच मिनिटांचे तुकडे निवडावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला क्षणभर चित्र थांबवून आपल्या मुलाभोवती वर्तुळ काढावे. बचावपटूचे केवळ टॅकल दाखवू नयेत. चेंडू दूर असताना तो कुठे उभा राहतो, हेच तिथे आधी पाहतात. सोबत एक संपूर्ण सामना, शक्यतो तुल्यबळ संघाविरुद्धचा, न कापता द्यावा. पत्रात उंची, वजन, कोणता पाय, जन्मतारीख, बारावी पूर्ण होण्याचे वर्ष, गुण आणि घरचे लोक वर्षाला किती खर्च उचलू शकतात हा आकडा लिहावा. शेवटच्या आकड्याचा संकोच वाटतो, हे मी जाणतो. परंतु ज्याला मर्यादित रक्कम अनेकांत वाटायची आहे त्याला तो पहिल्याच पत्रात हवा असतो. आधी दुसऱ्या श्रेणीतल्या आणि एनएआयएच्या महाविद्यालयांना लिहावे, आणि ज्या संघांतले बचावपटू त्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत अशांनाच निवडावे. प्रत्येक संघाच्या संकेतस्थळावर खेळाडूंच्या नावापुढे त्यांचे वर्ष दिलेले असते.